डाव्या हाताचे वाचन

आंधळे मूल शाळेत आले की मी आधी त्याचे बोट पाहत असे. डोळ्यांकडे सगळेच पाहतात. मूल घेऊन आलेला बापसुद्धा पापणी वर करून दाखवतो, म्हणतो, हा डावा जरा उजेड धरते बाई. मला त्याचा उपयोग नसे. मी मुलाची तर्जनी हातात घेई, तिचे टोक अंगठ्याने दाबून पाही, कातडी जाड झाली आहे का, घट्टा पडला आहे का, जुना वण आहे का. मग जाड कागदावर उलट बाजूने दोन टोचे मारायचे आणि त्यावर ते बोट ठेवून विचारायचे, किती आहेत? दोन म्हणाले तर मूल लवकर वाचणार. एकच म्हणाले तर वेळ लागणार. काही मुले वाचनाऐवजी माझा चेहरा कसा झाला असेल याचा अंदाज घेऊन उत्तर देत. ती फार हुशार निघत, पण त्यांना वाचायला शिकवणे कठीण जाई.

हे मी कोणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही. माझे शिक्षण मराठी चौथीचे, तेही वडिलांच्या हौसेने. चार माणसांत मला बोलता येत नाही. शाळेच्या वार्षिक समारंभात मला मुलांच्या मागे उभे राहू द्यावे एवढेच मी दादासाहेबांकडे मागत असे. दादासाहेब म्हणजे आमच्या शाळेचे चिटणीस. वाशीमला एका कापूसवाल्याच्या वखारीमागच्या दोन खोल्या त्यांनी मागून घेतल्या आणि तिथे आठ-नऊ मुले ठेवली. त्या काळी आमच्या भागात आंधळ्यांना शिकवतात हे कोणी ऐकलेले नव्हते.

हे काम मला आले ते माझ्या धाकट्या भावामुळे. नारायणला लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. वडिलांनी त्याला मुंबईच्या अंधशाळेत पाठवले. तो सुट्टीत घरी आला की त्याचे लिहिलेले वाचणारे आणि त्याला वाचता येईल असे लिहिणारे कोणी नव्हते, म्हणून त्याने मला ती ठिपक्यांची लिपी शिकवली. माझे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले आणि मी माहेरी आले होते, त्यामुळे माझ्याजवळ वेळ भरपूर होता. नारायण विशीच्या आत विषमज्वराने गेला. दादासाहेबांना शाळेसाठी ही लिपी जाणणारे माणूस हवे होते आणि सगळ्या तालुक्यात ती मला एकटीलाच येत होती. अशी मी मास्तरीण झाले.

लिपी समजायला सोपी आहे. सहा ठिपक्यांचे एक घर, त्यातले कोणते ठिपके उठले आहेत त्यावरून अक्षर. लिहिताना जाड कागद पाटीत अडकवायचा आणि दाभणासारख्या टोच्याने एकेक ठिपका दाबायचा. ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे, सगळे उलटे, आणि कागद पालटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. छापलेली पुस्तके मुंबईहून क्वचित येत. बाकी सगळे मी टोचून काढलेले. आठ मुलांसाठी एक पहिले पुस्तक टोचायला पावसाळा जाई, आणि मुलांच्या बोटांखाली ते दोन वर्षांत सपाट होई. मग पुन्हा टोचायचे. माझ्या उजव्या हाताला अजून रग लागते ती त्याची.

आमच्याकडे कोण कोण येई ते सांगितले तर हसू येईल. धनजहून एक म्हातारे आजोबा नातवाला बैलगाडीतून घेऊन आले. मी पदर सावरून खाली बघत दाराशी उभी होते. त्यांनी विचारले, "बाई, किती दिवसांत दिसाले लागन याले?" मी हळूच सांगितले की इथे डोळे बरे होत नाहीत, वाचायला शिकवतात. त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "म्हंजे आंधया तो आंधयाच राहीन, अन् वरून शाळा शिकीन?" मी हो म्हटले. "मंग एकाच दुखन्याले दोन दुखने कायले करू?" असे म्हणून त्यांनी नातवाला पुन्हा गाडीत बसवले. जाताना मात्र माझ्यासाठी आणलेल्या बोरांची पिशवी तेवढी ओट्यावर ठेवून गेले.

एक मुलगा गाता गळा असलेला होता. त्याच्या चुलत्याने तो नेला आणि शिरपूरला देवळाच्या वाटेवर बसवला, कारण यात्रेकरू आंधळ्या गाणाऱ्याच्या पुढ्यात काही ना काही टाकतात. एका मुलीला आधी रात्री दिसेनासे झाले, मग दिवसाही दिसेनासे झाले, आणि घरच्यांनी डोळ्यांत रुईचा चीक घातल्यावर जे थोडे होते तेही गेले. ती सहा महिने राहिली आणि पटकीने गेली. अशी मुले येत आणि जात. शिकवून पुरे झालेले मूल म्हणून दाखवावे असे आमच्याकडे फार दिवस कोणी नव्हते. गिरजा आली तेव्हा मला वाटले की हे मूल पुरे होईल.

गिरजा रिठदची. तिच्या आईवडिलांची गावाजवळ थोडी बागाईत होती. मोटेच्या पाण्यावर वांगी, मेथी, मिरची करत आणि बाजारच्या दिवशी वाशीमला आणत. गिरजेच्या अंगावर सहाव्या वर्षी देवी निघाल्या. ती वाचली, डोळे गेले. तोंडभर वण होते. तिला शाळेत आणले ते आईने, पारबतीबाईने. नवऱ्याला यात पडायचे नव्हते. तो मोटेवरचा माणूस, बैलांशी जेवढे बोले तेवढेही माणसांशी बोलत नसे. पारबतीबाई मात्र बाजारातून टोपली डोक्यावर घेऊन सरळ शाळेत आली आणि दारातूनच म्हणाली, "मास्तरीनबाई, हे पोट्टी तुमच्या पदरात टाकली. काई बी शिकवा. नुसती बसून राह्यते, तं मले पाह्यवत नाई."

मी गिरजेचे बोट पाहिले. पोर मिरची खुडायची, तरी टोक मऊ होते. दोन टोच्यांवर बोट ठेवले आणि ती म्हणाली, "दोन हायेत. एक मोठा हाये अन् एक तुमी भीतभीत मारला." खरेच तसे होते.

अशी वाचणारी मुलगी मी नंतर पाहिली नाही. वर्षाच्या आत तिला जोडाक्षरे येऊ लागली. वाचताना डावा हात ओळीच्या सुरुवातीला ठेवायचा, पुढची ओळ सापडावी म्हणून. वाचायचे काम उजव्या हाताच्या तर्जनीचे आणि तिच्या शेजारच्या बोटाचे. गिरजेचा उजवा हात ओळीवरून चालू लागला की बघत राहावे असे होई. शिकाऊ मुलाचे बोट अडखळते, मागे येते, जागीच घासते, त्याने ठिपके मरतात. तिचे बोट कागदाला जेमतेम लागे. कठीण अक्षरापाशी किंचित थांबे, एवढेच. मी तिच्या बोटाकडे बघून सांगू शकत असे की ती आता कोणत्या शब्दावर आहे. तोंडाने वाचायचीही गरज नसे.

एका बाजारच्या दिवशी तिने आईला पहिल्यांदा वाचून दाखवले. विहिरीत पडलेल्या शेळीची मीच रचलेली गोष्ट होती. पारबतीबाई टोपली बाजूला ठेवून मांडी घालून बसली. लेकीच्या तोंडून गोष्ट निघते आहे आणि कागद तर कोरा आहे, हे तिला उमजेना. तिने गिरजेचा हात उचलला आणि खाली स्वतःचे बोट ठेवून पाहिले. खुरप्याने राठ झालेले ते बोट, पण ठिपके तेवढे कळले. मग तिने कागदावरून हात फिरवला, आणि तोच हात नकळत गिरजेच्या गालावर गेला. पुन्हा कागदावर आला. तिचा चेहरा बदलला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हे तं देवीच्या हातचं हाये."

मी सांगितले की हे मी टोचले आहे, बघा, हा टोच्या.

"तुमी टोचलं, हे खरं. पन तुमाले कोन टोचायले लावलं? जे पोरीच्या तोंडावर काढले तेच कागदावर काढले. डोये नेले, अन् त्याच खुनेनं वाचा देल्ली." तिने कागदाला हात लावून नमस्कार केला. मला त्या वेळी कौतुकच वाटले. वाटले की आता ही बाई मुलीला कधी शाळेतून काढणार नाही.

पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा मेथीच्या दोन जुड्या माझ्या हातात देऊन तिने आनंदाने सांगितले की येत्या आखाडात नवस फेडायचा आहे. गिरजा तापात होती तेव्हाच बोललेला नवस होता. पोर जगली तर माझ्या हातावर आणि कामाची झाली तर तिच्या उजव्या हातावर कापूर जाळून देवीची आरती करीन. जगली त्याचे आईने स्वतःच्या हातावर फेडले होते. आता पोर कामाची झाली.

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी लिहिते. तळहातावर कापराची वडी ठेवून पेटवतात आणि देवीपुढे हात फिरवून आरती करतात. हात सारखा हलता ठेवला, कापूर तळव्यावर इकडून तिकडे खेळवला तर फारसे भाजत नाही. आरती संपली की तो ताटात टाकतात. पुष्कळ बायका करतात, हसतमुखाने करतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हाताने भाकरी थापतात. पण हे सगळे डोळ्यांचे काम आहे. जाळ कोठे सरकतो आहे ते बघून हात कलवावा लागतो.

मी दादासाहेबांना सांगितले. ते चांगले गृहस्थ होते, पण ते म्हणाले की बाई, नवसाच्या वाटेत आपण उभे राहू नये. एका मुलीचा हात वाचवायला जाल आणि बाकीच्यांचे आईबाप म्हणतील की शाळेत देवी चालत नाही, आणि आठही मुले घरी नेतील. ते खोटे नव्हते. तरी मी रडवेली झालेली पाहून त्यांनी आपली बैलांची दमणी दिली, आणि मी जन्मात पहिल्यांदा एकटीने कोणाच्या तरी घरी भांडायला निघाले.

भांडण कसले. मी रिठदला पोचले तेव्हा पारबतीबाई मिरचीच्या रोपांत बसून निंदत होती. तिने मला बाजेवर बसवले, गूळपाणी दिले. गिरजा उन्हाळी सुट्टीला घरी आलेली होती, तीही आवाज ऐकून आली आणि माझ्या पायाशी बसली. मी पदराचे टोक बोटाला गुंडाळत सगळे एका दमात सांगितले. हिचे बोट म्हणजे हिचा डोळा आहे, भाजलेली कातडी पुन्हा तशी होत नाही, देवीला दुसरे काहीही द्या.

पारबतीबाईला राग आला नाही. तिने आपला उजवा तळवा माझ्यापुढे धरला. मधोमध एक लहानसा फिकट डाग होता. "पाहा. हे पोरीच्या जिवाचं फेडलं तवाचं. दोन रोज चरचर झाली. हात गेला का माया?"

मी म्हटले, "तुम्हाला दिसत होते. हिला कसे दिसेल?"

"म्या हाये ना तिचे डोये. जोळच उभी राह्यतो. म्या टाक म्हनलं का ते टाकीन."

मग डावा हात तरी घ्या, असे मी म्हटले. त्यावर ती खरोखर हसली. "डाव्या हातानं देवीले कोनी देते का बाई? तुमी बी काय बोलता." मोटेवरून गिरजेचा बापही हसला. त्या दिवशी त्याचा तेवढाच आवाज मी ऐकला.

शेवटी गिरजाच बोलली. "बाई, करू द्या मले. मायनं बोल्लेलं हाये. मले मांगून जे भेटलं, ते तिच्याच बोलन्यानं भेटलं." ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. तिच्या बोलण्यात भीती नव्हती. उलट तिला बरे वाटत होते की तीही घरात कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे, देवीचे देणे तिच्या हाताने फिटणार आहे.

आखाडाला अजून अवकाश होता. मी पारबतीबाईकडे एवढेच मागितले की सुट्टी संपेपर्यंत न थांबता गिरजेला आताच माझ्याबरोबर पाठवा. तिने लगेच पाठवले. वाटेत दमणीतच मी ठरवले की हिला डाव्या हाताने वाचायला शिकवायचे. उजव्याला काही झाले तर डावा असावा.

हे बोलायला सोपे आहे. आपण डाव्या हाताने लिहून पाहावे म्हणजे कळेल, आणि वाचन त्याहून कठीण. डाव्या बोटाला ठिपके कळतात, पण अक्षर म्हणून कळत नाहीत. उजव्या बोटाने जे आपसूक होते ते डाव्याला एकेक ठिपका मोजून करावे लागते. आणि गिरजेचा उजवा हात सारखा मधे येई. मी तो तिच्या मांडीखाली ठेवायला लावी. ती वैतागे. म्हणे, "हा डावा हात बह्याड हाये बाई. याले शाळेतून काढा." त्या वेड्या हाताला मी हसत असे, आणि तिला पुन्हा पहिल्या अक्षरापाशी नेत असे. आखाड लागला तेव्हा डाव्या हाताने तिला स्वतःचे नाव वाचता येत होते, गिरजा, आणि शेळी, आणि पाणी. जोडाक्षर आले की डावे बोट थांबून राही.

नवसाला मी गेले नाही. जे झाले ते पारबतीबाईनेच मला सांगितले, पुढे कितीदा तरी सांगितले, दर वेळी तेच आणि तसेच.

देवीचे ठाणे गावाबाहेर उघड्यावर आहे. आखाडातला वारा होता. कापूर पेटवून गिरजेच्या तळव्यावर ठेवला आणि ती सांगितल्याप्रमाणे हात फिरवू लागली. डफडे वाजत होते, बायका आरती म्हणत होत्या. वाऱ्याने जाळ बोटांकडे वळला आणि हात कलल्यामुळे वडीही तिकडे सरकली. पारबतीबाईला ते दिसले. ती टाक, टाक म्हणून ओरडली. डफड्यांत गिरजेला ते ऐकू गेले नाही. आईने टाक म्हटल्याशिवाय टाकायचे नाही हे तिने मनाशी धरले होते, म्हणून तिने चटका सोसला आणि हात तसाच ठेवला. शेवटी आईने तिच्या मनगटावर फटका मारला. तेव्हा घाबरून पोरीने मूठ मिटली. जळता कापूर मुठीत राहिला.

त्यांनी तिला गाडीत घालून वाशीमला आणले तेव्हा हातावर चुन्याची निवळी आणि जवसाचे तेल फेटून लावलेले होते, वर शाई ओतलेली होती, त्यामुळे किती भाजले ते दिसतच नव्हते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी धुऊन पट्टी बांधली. पट्टी बदलायला मी रोज तिला घेऊन जाई. हात बरा झाला. बोटे वळत होती, पेला धरता येत होता, आणि डॉक्टर म्हणाले की छान भरून आले. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकाला गुळगुळीत, चकचकीत कातडी आली होती. मी दोन टोचे मारले आणि त्यावर तिचे उजवे बोट ठेवले. मी विचारण्याआधी तिनेच सांगितले. "काईच नाई बाई. कागद हाये एवढं समजते."

त्यानंतर ती बरेच दिवस वाचायला बसली नाही. मीही म्हटले नाही. पारबतीबाई दर बाजाराला येई, लेकीची बोटे स्वतःच्या हातात घेऊन चोळत बसे आणि मला विचारी, बाई, काई आलं का? मी मान हलवी. तिला पाहून राग धरावा असे मला पुष्कळदा वाटे, पण ती समोर बसली की राग येत नसे. तिचा चेहराच उतरून गेला होता. टोपलीतली चांगली वांगी निवडून शाळेसाठी काढून ठेवी आणि ती द्यायला माझी परवानगी मागितल्यासारखी उभी राही.

पोळ्यानंतर एके दिवशी गिरजा आपण होऊन पाटीपाशी आली, उजवा हात मांडीखाली घेतला आणि म्हणाली, "बह्याडाले शिकवा." तेव्हापासून आम्ही लागलो. मी तिच्यासाठी मोठे, विरळ ठिपके टोचले. ती न कंटाळता बसे. दिवाळी गेली. थंडीत बोटे बधिर होतात म्हणून शेगडीवर हात शेकून वाचायला बसवत असे. आणि संक्रांतीच्या सुमारास तिच्या डाव्या बोटाला अक्षरे कळू लागली. आधी जड पायाने चालल्यासारखे, मग जरा सरळ. जोडाक्षरापाशी बोट थांबून राहत असे ते आता नुसते टेकून पुढे जाऊ लागले. उजव्या हाताचा वेग नव्हता, येणारही नव्हता, पण ती वाचत होती. पूर्ण ओळ. पूर्ण पान. एकदा ती वाचता वाचता शेळीच्या गोष्टीत हसली, आणि मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

आम्ही दोघींनी ठरवले की आईला अचानक वाचून दाखवायचे. तोवर पारबतीबाईला काही सांगितले नाही.

बाजारचा दिवस होता. गिरजा आतल्या खोलीत चटईवर पुस्तक घेऊन बसली होती आणि पुन्हा पुन्हा पहिले पान वाचून तयारी करत होती. पारबतीबाई आली, तिने टोपली ओट्यावर उतरवली आणि मी काही बोलण्याआधीच मला म्हणाली की तिला आता कारण समजले आहे. तिने गावातल्या जाणत्या बाईला विचारले होते. आरती पुरी व्हायच्या आत कापूर विझला, मुठीत दाबून विझला. नवस अर्धाच राहिला, म्हणून देवीने दिलेले परत घेतले.

"पोरीचं काई चुकलं नाई. माई चुकी हाये, म्याच मधात मारलं तिले," ती म्हणाली. "म्हनून म्या परवा देवीले बोल्ली. पोरीले वाचता आलं, का माये दोन्ही हात. दोन्ही हातावर कापूर घेईन, अन् आपल्या आपन विझत नाई तोवर हालवनार नाई, टाकनार नाई."

मी काही तरी म्हणाले, काय ते आठवत नाही. ती ऐकत नव्हती. तिच्या तोंडावर खूप दिवसांनी समाधान होते. दोन खोल्यांमध्ये नुसते एक तट्ट्याचे दार होते. आतून वाचण्याचा आवाज येत होता तो थांबलेला मला कळला.

आम्ही आत गेलो. गिरजा तशीच बसली होती, पुस्तक उघडे, उजवा हात मांडीखाली. पारबतीबाई तिच्याजवळ टेकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वाच बरं बाई. लागते का काई हाताले? पाह्य बरं."

गिरजेने डावा हात पानावर ठेवला. बोट ओळीच्या सुरुवातीला गेले आणि चालू लागले. मी समोर होते. बोट शेळीवरून गेले, विहिरीपाशी जरा टेकले, जोडाक्षरावर किंचित थांबले आणि पुढे गेले. ओळीच्या शेवटी आले, खाली उतरले, दुसऱ्या ओळीला लागले. तीही ओळ तिने पूर्ण वाचली. मला प्रत्येक शब्द कळत होता. मग तिने हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"नाई वो माय," ती म्हणाली. "समदं सारखंच लागते."

पारबतीबाईने एक सुस्कारा सोडला. मग तिने लेकीचे तोंड आपल्या दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली की येईल, देवी देईल. गिरजेने आईचे ते हात आपल्या गालांवर तसेच दाबून धरले, आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मी बोलू शकले असते. बोलले असते तर त्या बाईने आनंदाने आपले हात जाळून घेतले असते, आणि त्या हातांवर घर चालत होते. आई गेल्यावर मी गिरजेला म्हटले की आपण गुपचूप वाचू, आईला कळणार नाही. ती म्हणाली, "मायले नाई समजनार बाई. देवीले समजते ना. मंग मायनं बोल्लेलं तसंच राह्यलं, तं देवीचा कोप कोनावर येईन?" त्या दिवसापासून ती पुस्तकाला शिवली नाही. वाचता येत नाही अशा मुलीला शाळेत ठेवून काय करायचे, म्हणून होळीच्या आधी तिला घरी नेले. काही वर्षांनी वखार विकली गेली आणि शाळाही बंद झाली.

पुढे पारबतीबाई बाजाराला येताना गिरजेला बरोबर आणू लागली. गिरजा पोत्यावर बसून जुड्या बांधून देई. पारबतीबाई मला आग्रह करून एक जुडी जास्त घालत असे आणि अजून नवसाची वाट पाहत असे. एकदा ती सुटे आणायला शेजारच्या दुकानी गेली तेव्हा मी वाकून गिरजेला विचारले की तुला आता अक्षरे आठवतात का.

"नाई आठवत बाई," ती म्हणाली.

तिचे दोन्ही हात मेथीच्या ढिगात होते. बोटे दिसत असती तर खरे काय ते मला कळले असते.